साडेसात किलोचा कॉम्प्युटर

हा किस्सा मी आपण होऊन सांगतेय, कारण मी नाही सांगितला तर आमचे सासरे सांगतील. आणि ते सांगतात तेव्हा वेळेसकट, वजनासकट सांगतात. त्यापेक्षा आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगितलेली बरी. कुठे थांबायचं ते निदान आपल्या हातात राहतं.

चहा घ्या आधी. जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मी मुळातच कमी बोलणारी. लग्न ठरताना हाच माझा सर्वांत मोठा गुण म्हणून पुढे केला गेला. मावशीनं स्थळाला सांगितलं, "पोरगी बोलत नाय, ऐकते." हे अर्धंच खरं. मी ऐकतही नाही, बघत बसते.

कांदेपोह्यांच्या वेळी योगेशनं, म्हणजे माझ्या आताच्या नवऱ्यानं, रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" मुली विचारतात स्वभावाचं, नोकरीचं, पुढे महाडलाच राहणार का, असं. मी विचारलं, "घरात इंटरनेट वायरचं आहे की मोबाईलचं?"

"वायरचं. का, कामाला लागतं?"

मी मान हलवली. मान हलवण्याचा हाच फायदा असतो, समोरचा आपल्याला हवा तो अर्थ घेतो. काम होतंच. मी घरबसल्या शिकवण्यांचे व्हिडिओ एडिट करते. पण खरं कारण वेगळं होतं. मी गेम खेळते. कॉलेजपासून. पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं गाव, तिथे मामेबहीण सुवर्णाच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही दोघी खेळायचो. तो लॅपटॉप इतका तापायचा की थंडीत तो मांडीवर कोणी घ्यायचा यावरून भांडण व्हायचं.

लग्नानंतर महिन्याभरानं योगेशला खरं सांगून टाकलं. त्यानं एवढंच विचारलं,

"बंदुकीचे?"

"बंदुकीचे आहेत, गाड्यांचे आहेत. एक शेतीचा पण आहे."

"शेतीचा कशाला?"

"त्यात भाताला भाव मिळतो."

यावर तो हसला आणि माझं काम झालं. ठरलं असं, की तयार कॉम्प्युटर नाही घ्यायचा. मी साठवलेल्या पैशांतून एकेक पार्ट निवडून, स्वतः जोडायचा. आयुष्यातली ही पहिलीच वस्तू, जी मी तुकड्या-तुकड्यानं पारखून घेणार होते. नवरासुद्धा आख्खाच मिळाला होता.

पण घरात एक यादी होती.

ती समजल्याशिवाय तुम्हाला पुढचं काही समजायचं नाही, म्हणून सांगते. आमचं घर महाडला, नदीपासून फार लांब नाही. तळमजल्याचंच घर. बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक तांबडी रेघ आहे, माझ्या डोक्याच्या वर चांगली हातभर. मोठ्या पुरात पाणी तिथवर आलं होतं. त्यानंतर बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, छताखाली भक्कम लाकडी माळा करून घेतला. माळ्याला वीस इंच बाय वीस इंचाची झडप. खाली शिडी. टीव्ही त्या रेघेच्या वर टांगलाय, त्यामुळे आमच्याकडे सगळे मालिका अशा बघतात, जसं काही आभाळात विमान दिसलंय.

आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली ती यादी. वर मथळा: 'पाणी आल्यास माळ्यावर न्यायच्या वस्तू (क्रमाने)'. बाबा एसटी डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, आता घर वेळेवर सोडायची तयारी. एक, कागदपत्रांची पिशवी. दोन, देव. तीन, औषधं. चार, तांदळाचा डबा. पाच, शेगडी. सहा, मिक्सर. सात, शिलाई मशीनचं डोकं. आठ, अंथरुणं. आणि खाली, दोन रेघा मारून: 'यादीत नसलेले ते पाण्याचे.'

लग्न होऊन आठवडा झाला होता तेव्हा मी ती पहिल्यांदा वाचली. फ्रीज पाण्याचा. पलंग पाण्याचा. माझ्या माहेरून आलेली पेटी, माझी पुस्तकं, सगळं पाण्याचं.

मी योगेशला म्हटलं, "यात माझं काहीच नाही."

तो म्हणाला, "माझंही नाय. मी इथे तीस वर्षं राहतोय."

गमतीत बोलला तो. पण मला ते लागलं. घरात नवीन आलेल्या माणसाला कोणी काही तोडून बोलत नव्हतं, सासूबाई तर मायेच्या. तरी आपण या घरात किती आलो, हे त्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेलं होतं. मी मनाशी ठरवलं, कॉम्प्युटर येईल तर यादीत जाईल. पाण्याचा म्हणून मी त्याला घरात आणणार नाही.

विषय जेवताना काढला. बाबांनी ताटातून वर न बघता दोनच प्रश्न विचारले.

"वजन किती? झडपेतून जातो?"

सासूबाई म्हणाल्या, "कशाला गो एवढं? तुझ्याच माहेरचं पाणी येतं आमच्या घरात, ते येईल तेव्हा बघू."

हा त्यांचा नेहमीचा टोमणा. पोलादपूरला पडलेला पाऊस सावित्रीतून महाडला येतो, म्हणून दर पुराचा हिशेब माझ्या माहेरच्या खात्यावर. लग्नाआधी वीस वर्षं आलेले पूरसुद्धा.

"एका माणसानं, एका हातात धरून, शिडी चढता आली पाहिजे," बाबांनी नियम सांगितला. "खोक्यासकट. उघडी वस्तू मी वर घेत नाही."

झालं. जगभरातली माणसं गेमिंगचा कॉम्प्युटर निवडताना वेग बघतात, चित्र किती सुंदर दिसतं ते बघतात. मी किलो बघायला लागले.

इंटरनेटवर अशा लोकांचा एक मोठा ग्रुप आहे. तिथे मी लिहिलं, "हलक्यात हलकं ग्राफिक्स कार्ड कोणतं?" ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेममधलं चित्र काढणारा भाग, आणि चांगलं कार्ड म्हणजे तीन पंख्यांची वीटच असते. एकानं विचारलं, "विमानातून नेणार आहात का?" मी लिहिलं, "नाही, माळ्यावर." त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

मग आम्ही बाजारात रफिकभाईंच्या दुकानात गेलो. सोबत आईंची, म्हणजे सासूबाईंची, शिवणाची टेप, आणि बाबांचा काटा. रद्दीवाल्याकडे असतो ना, आकड्याला लटकवायचा, तसला. बाबांनी तो पिशवीत घालून दिला होता, "छापलेल्या वजनावर जाऊ नको," म्हणून.

रफिकभाईंनी योगेशला विचारलं, "कुठले गेम खेळणार, दादा?"

योगेशनं माझ्याकडे बोट केलं.

रफिकभाई भला माणूस. लगेच माझ्याकडे वळले. "सांगा वहिनी, काय दाखवू?"

"या कार्डाचं वजन किती?"

"वजन?"

"वजन."

त्यांनी योगेशकडे बघितलं. "वहिनींना हे कुठं कुरियर करायचंय का?"

मी काटा बाहेर काढला. कांद्याची जाळीची पिशवी आणली होती, तीत कार्ड ठेवलं आणि आकडा अडकवला. तीन पंख्यांचं कार्ड दीड किलो भरलं. दोन पंख्यांचं सातशे ग्रॅम. दुकानात एक गृहस्थ प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आले होते. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "झाल्यावर माझाही बघता का?"

"वहिनी, वजनानं काय होतं?" रफिकभाई कळवळून म्हणाले. "गेम चालेल का ते तरी विचारा."

"चालेल हो. पण शिडी चढेल का?"

मग त्यांनी कॅबिनेट दाखवले. काचेच्या भिंती, आत सात पंखे, इंद्रधनुष्यासारखे दिवे. डोळे निवले माझे. खोटं कशाला बोलू, कॉलेजात असल्यापासून तसलाच मनात होता. टेप लावली. खोकं बावीस इंच. झडप वीस. मी त्या कॅबिनेटच्या काचेवरून एकदा हात फिरवला आणि म्हटलं, "छोटं दाखवा."

छोटं म्हटलं की सगळंच बदलतं. छोट्या कॅबिनेटमध्ये छोटाच मदरबोर्ड बसतो, छोट्या मदरबोर्डला रॅमच्या दोनच खाचा, वीजपुरवठ्याचा डबाही वेगळा छोटा लागतो. एकाची पत्रिका दुसऱ्याशी जुळली की तिसरा रुसतो. दीड तास आम्ही जुळवत होतो. शेवटी प्रोसेसर थंड ठेवायचा कूलर राहिला. रफिकभाईंनी उमेदीनं एक खोकं पुढे केलं.

"हा घ्या. एकदम लेटेस्ट. पाण्यावर चालतो. नळीतून पाणी फिरतं आणि मशीन थंड."

योगेशनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. महाडच्या घरात, पाणी, विकत आणून.

घरी आल्यावर हे बाबांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. "त्याला विचारलंस का, आपल्याकडे येतं ते चालेल का म्हणून?"

साधा पंख्याचाच घेतला.

जोडणी मी जेवणाच्या टेबलावर केली. स्क्रू जिथे जायचे तिथे गेले, एक उरला, तो मी कोणाला दाखवला नाही. बटण दाबलं आणि यंत्र पहिल्या फटक्यात सुरू झालं. सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या हिरव्या साडीचं झालरवालं कव्हर शिवून त्यावर चढवलं. त्यांच्या घरात कुठलीच वस्तू उघडी बसत नाही. मिक्सरला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला कव्हर. मॉनिटर मी घेतलाच नाही. टीव्हीला जोडून खेळायचं ठरलं, मालिकेची वेळ सोडून. बाकीचे विमान बघायचे, मी आता विमानं पाडायला लागले.

मग आली परीक्षा. रविवारी सकाळी बाबा घड्याळ घेऊन शिडीपाशी उभे राहिले. मी कॉम्प्युटर थर्माकोलमध्ये बसवून कॅबिनेटच्या खोक्यात भरला. बाबांनी खोकं काट्याला लावलं.

"साडेसात."

"त्यातला किलोभर खोक्याचाच आहे, बाबा."

"मी खोक्यासकट धरतो. चढ."

खोकं काखेत, एक हात शिडीला. झडपेतून आत. बाबांनी घड्याळ बघितलं, कपाट उघडलं, खिशातलं पेन काढलं. आठ नंबरच्या खाली, त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं:

'९. कॉम्प्युटर (शीतल)'

मिक्सरपुढे आईंचं नाव नव्हतं. शिलाई मशीनपुढेसुद्धा नव्हतं. माझं होतं, कंसात. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच दोन भांडी घासली. घासलेलीच होती ती.

पावसाळ्याचा नियम असा ठरला: काम झालं, खेळ झाला, की यंत्र लगेच खोक्यात, खोकं शिडीजवळ. मी इतकी शहाण्यासारखी वागले की विचारू नका. रोज काढायचं, रोज भरायचं. यंत्र बाहेर असलं की खोक्यात सुट्या पार्टांची रिकामी खोकी, पुस्तिका, थर्माकोल असं सगळं भरून झाकण लावून ठेवायची. वॉरंटीला लागतात म्हणून मी एकही खोकं टाकलं नव्हतं. यंत्र आत गेलं की ती पलंगाखाली.

आता तो दिवस.

आषाढातली दुपार. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, पण नदी अजून आपल्या पात्रात होती. मी आणि सुवर्णा ऑनलाइन खेळत होतो, ती तिकडे पोलादपूरला, मी इकडे. डाव अगदी रंगात आला होता, तेवढ्यात आईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. "शीतल, जरा ये गो, पीठ सैल झालंय." मी म्हटलं आलेच. यंत्र बंद न करता नुसतं झोपवलं, वर हिरवं कव्हर टाकलं, आणि गेले.

भजी अर्धी तळून झाली आणि माझ्या आईचा फोन आला.

"शीतल, नदी फुगलीय गो. पुलाला लागायला आलंय. आपलं पाणी येतंय तुझ्याकडं."

फोन ठेवते न ठेवते तोच गावात भोंगा झाला.

बाबा उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. शिडी लावली आणि शिडीच्या पायथ्याशी उभे राहिले. तुम्ही ऐकायला हवं होतं. तीस वर्षांचा आवाज तो.

"क्रमांक एक, कागदपत्रांची पिशवी, माळ्याकडे जाणारी, शिडीला लागलेली आहे."

योगेश पिशवी घेऊन चढला.

"क्रमांक दोन, देव. सावकाश. क्रमांक तीन, औषधं, पाठोपाठ सुटतील."

"भजीचं काय?" आईंनी विचारलं.

"यादीत नाहीत."

"तुमच्या यादीला काय कळतंय?" म्हणत आईंनी भज्यांचं पातेलं पदराखाली घेतलं आणि देवांच्या मागून वर नेलं. चहाचा थर्मास मी दिला. तांदूळ गेले, शेगडी, मिक्सर, मशीनचं डोकं, अंथरुणं. पाणी गल्लीच्या तोंडाशी दिसायला लागलं होतं, गढूळ, गुपचूप.

"क्रमांक नऊ. कॉम्प्युटर. शीतल."

नाव पुकारलं गेलं माझं. मी पदर खोचला, शिडीजवळचं खोकं उचललं, आणि चढले. काय सांगू, पिसासारखं वाटलं. रोजच्या सवयीनं हाताला ताकद आली असेल, म्हटलं. शिवाय मनात आलं, निवड म्हणतात ती ही. तीन पंख्यांचं कार्ड घेतलं असतं, काचेचं कॅबिनेट घेतलं असतं, तर आज काय झालं असतं?

"बावीस सेकंद," बाबा खालून म्हणाले. रंगीत तालमीत एकेचाळीस लागले होते. "शाबास."

शेवटी बाबा वर आले आणि शिडी ओढून घेतली. त्यांचा तो पक्का नियम आहे. शिडी वर आली की वस्तूसाठी कोणीही खाली जायचं नाही, मग खाली सोनं असो. मोठ्या पुरात गल्लीतला कोणीतरी टीव्हीसाठी परत फिरला होता आणि कसाबसा वाचला होता. त्यामुळे या नियमावर घरात चर्चा नाही.

बसलो चौघं. वीज गेलेली. झडपेतून उजेड येत होता. आईंनी भजी वाढली. पाणी आमच्या पहिल्या पायरीला लागलं होतं. खरं तर सगळे घाबरलेलो. आणि माणूस घाबरला की गप्प बसतो. पण मी उलटी निघाले. मी बोलायला लागले.

लग्नापासून त्या घरात जेवढं बोलले नव्हते तेवढं मी त्या अर्ध्या तासात बोलले. पार्ट कसे निवडायचे यावर. की लोक दिव्यांना भुलतात. की वस्तू घेताना ती संकटात कशी उचलता येईल याचा विचार कोणी करत नाही. की वजन ही एकच गोष्ट अशी आहे जी जाहिरातीत खोटं बोलत नाही. आई कौतुकानं ऐकत होत्या. योगेश भजी खात होता.

मध्येच खालून आवाज यायला लागला. टीं… टीं… टीं…

"काय वाजतंय?" बाबांनी कान दिला.

"शेजारच्यांचा इन्व्हर्टर असेल," मी म्हटलं. "बॅटरी संपत आली की वाजतो. लोक बघा, महागाच्या वस्तू घेतात आणि पुरात खाली सोडून वर जाऊन बसतात."

"नाय तर काय," आई म्हणाल्या.

टीं… टीं… आणि मग थांबलं.

"संपली बिचाऱ्यांची," मी म्हटलं.

बाबांनी खिशातून छोटी वही काढली. पुरात वर काय आलं, किती वाजता, किती वजनाचं, हे ते लिहून ठेवतात. वेळ लिहिली. मग त्यांच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, तांदळाच्या डब्यामागून त्यांनी काटा काढला. काटाही वर आला होता. तो यादीत नव्हता, पण बाबांच्या खिशातून आला होता.

"साडेसात ना? दमट हवेत पुठ्ठा पाणी धरतो. किती वाढलं बघू."

त्यांनी खोक्याच्या पट्टीला आकडा लावला आणि उचललं. काट्याकडे बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं.

"पावणेदोन."

"काय पावणेदोन?" मी विचारलं.

"किलो."

"काटा बिघडला असेल, बाबा."

बाबांनी खोकं खाली ठेवलं, मिक्सर लटकवला, वहीतलं वजन बघितलं. बरोबर. मशीनचं डोकं लटकवलं. बरोबर. मग खोकं माझ्याकडे सरकवलं.

मी झाकण उघडलं. वर ग्राफिक्स कार्डाचं खोकं. त्याखाली मदरबोर्डचं खोकं. थर्माकोल. पुस्तिका, अकरा भाषांत. सगळं जागच्या जागी, एकही टाकलेलं नाही.

योगेशनं हातातलं भजं परत पातेल्यात ठेवलं.

आईंनी झडपेतून खाली वाकून बघितलं. "गो, माझ्या हिरव्या साडीखाली काय हाय मग?"

मी पण वाकले. टीव्हीखालच्या टेबलावर हिरवं झालरवालं कव्हर, ऐटीत बसलेलं. झालरीखालून यूपीएसचा दिवा दिसायचा, तो विझला होता. वीज गेली की थोडा वेळ यंत्राला तग धरू देणारा तो यूपीएस. सहा किलोचा जड म्हणून मी त्याला यादीत घ्यायचं नावही काढलं नव्हतं. तो बिचारा माझ्याच नावानं हाका मारत होता, आणि मी वर बसून शेजाऱ्यांची कीव करत होते.

"मी जाऊ?" माझ्या तोंडून निघालं. "दोन मिनिटं. पाणी अजून बाहेरच आहे."

बाबांनी शिडीवर हात ठेवला. रागानं नाही. "यंत्र परत जोडता येईल, शीतल. तू सुट्या पार्टांत मिळत नाहीस."

मग आम्ही चौघं झडपेभोवती पालथे पडून खाली बघत राहिलो. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं. तिसऱ्या. उंबऱ्यावरून एक जीभ आत आली, रांगोळी चाटून गेली, पायपुसणं भिजलं. टेबलाचा पाय तिथून चार पावलं. आई देवांकडे वळून काहीतरी पुटपुटल्या, आणि मला जेवढं ऐकू आलं त्यात 'हिरवी साडी' हे शब्द होते.

पाणी उंबऱ्यावर अर्धा तास बसून राहिलं, जसं काही आत यावं की नाही विचार करतंय. मग, ज्या गुपचूपपणे आलं होतं, तसंच उतरायला लागलं. दिवेलागणीला पायऱ्या दिसू लागल्या. माझ्या आईचा फोन आला. "पोचलं का गो पाणी?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला. "पोचलं हो. उंबऱ्याशी येऊन गेलं. तुमच्या माणसांना हल्ली रीत कळते."

कॉम्प्युटरला काहीही झालं नाही. वीज आल्यावर बटण दाबलं, पहिल्या फटक्यात सुरू. सुवर्णाचा निरोप वाट बघत होता: "डाव अर्ध्यात टाकून पळालीस. हरलो आपण."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कपाट उघडलं. नऊ नंबर खोडणार, दुसरं काय? मी भाजी चिरत होते, मान वर केली नाही. पेन चाललं. कपाट लागलं. बाबा अंघोळीला गेल्यावर मी हळूच दार उघडून बघितलं.

नऊ नंबर तसाच होता. 'कॉम्प्युटर (शीतल)'. आणि त्याच्याखाली, ताज्या शाईत:

'१०. रिकामे खोके (शीतल)'

जेवताना धीर करून विचारलं, "बाबा, दहा नंबर कशाला?"

ताटातून वर न बघता ते म्हणाले, "वर गेलं ना? मग नोंद हवी. आणि बावीस सेकंदांत दुसरी कुठलीच वस्तू गेली नाही आजवर."

तेव्हा असं आहे. मला या घरात येऊन अजून वर्ष व्हायचंय, आणि यादीत माझ्या नावावर दोन वस्तू आहेत. योगेशच्या नावावर अजून एकही नाही.